रेवणसिद्धची न निघालेली पलटण

१६ ऑक्टोबर १९७२, सोमवार. खंडेनवमी. आडाला पाणी नाही. टँकर आला नाही. कालच्या पाण्यात स्वयंपाक भागवला, पुरण घातलं नाही. देवघरात दुकानाचा तराजू, मापं, विळी आणि भावजींची हत्यारं मांडून पूजा झाली. दुपारी नांदेडचे बसवंतराव न कळवता आले. भावजींचं काम झालं नाही.

माझ्या डायरीत त्या तारखेखाली एवढंच लिहिलं आहे. बाकीचं मला आठवतं.

रेवणसिद्ध माझा धाकटा दीर. गेल्या वैशाखात तो गेला. पेपरात चौकटीत फोटो आला आणि खाली छापलं, 'येथील भांड्यांचे जुने व्यापारी'. मजकूर माझ्या नातवानं दिला होता. माझ्या तोंडाकडं बघून त्यानं विचारलं, "आजी, काही चुकलं का?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं. जन्मल्यापासून त्यानं या आजोबांना गल्ल्यावरच पाहिलं होतं. पण रेवणसिद्ध व्यापारी नव्हता. दुकानाचा त्याला कंटाळासुद्धा नव्हता; ते त्याला दिसतच नसे. त्याला एकच गोष्ट हवी होती. त्यानं घडवलेला एक खेळण्यातला शिपाई कारखान्यात निघावा, दुकानात टांगला जावा आणि कुठल्यातरी पोरानं हट्ट करून तो घ्यावा. ते झालं नाही. कसं झालं नाही, ते सांगते.

निजामाचं राज्य गेलं त्या साली तो आठ वर्षांचा होता. फौजेच्या गाड्या लातुरात शिरल्या तेव्हा सगळं गाव दारं लावून बसलं होतं. आमच्या ओट्यावर एक शिपाई येऊन टेकला. त्यानं बंदूक भिंतीला लावली, बूट काढले, मांडी घालून बसला आणि पायाच्या फोडांकडं बघत राहिला. माझ्या सासूबाईंनी, गुरम्मांनी, दार किलकिलं करून तेलाची वाटी बाहेर सरकवली. ती वाटी नेऊन देणारा रेवणसिद्ध. मी तेव्हा सिकंदराबादला कॉन्व्हेंटात शिकत होते. लग्न होऊन या घरात आले ती पाच-सहा वर्षांनी. पण हा प्रसंग मी इतक्या वेळा ऐकला की मीच ती वाटी दिली असं वाटतं. तो सांगायचा, "वैनी, समद्या गावाला वाटलं वाघ आला. अन् त्यो बसून फोड फुंकून राहिला होता."

मॅट्रिक झाल्यावर त्यानं चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या. पुढं मुंबईला जायचं म्हणाला, तेव्हा माझ्या यजमानांनी, गुरुबसप्पांनी, त्याला दुकानाच्या पायरीवर बसवून समजावलं. सासरे नव्हते. घरात थोरल्याचा शब्द शेवटचा. रेवणसिद्ध दुकानात बसू लागला आणि पाठीमागच्या गुदामात एका कोपऱ्यात लाकूड कोरू लागला.

त्याचे शिपाई वीतभर उंचीचे असत. मोडक्या पलंगाच्या शिसवी पायांतून तो ते काढी. डोकं, धड, हात, पाय वेगळे. प्रत्येक सांध्याला एका बाजूला गोळी, दुसऱ्या बाजूला खोबणी. सायकलच्या चाकात हवा भरायच्या नळीवर बारीक रबरी व्हॉल्व्ह ट्यूब असते, ती तो अंगातून ओवून आतल्या आत गाठ मारी. त्यामुळं हात वळवला की वळलेलाच राही. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे शिपाई एकसंध, बंदूक रोखलेले, पायाखाली हिरवी चकती. याचा शिपाई गुडघा मोडी, मांडी घाली, पाठीवरची पिशवी उतरवी. पिशवीत पाण्याची बाटली, फावडं, पट्टी. कोरण्याआधी तो जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर समोरून, बाजूनं आणि पाठीमागून चित्र काढी. चित्राखाली इंग्रजी नावं मी लिहून द्यायची, कारण इंग्रजी नसेल तर कारखानदार चित्राला चित्र म्हणत नाहीत असं त्याचं मत होतं.

सगळीच चित्रं लाकडात आली नाहीत. वायरलेसवाला आला. आचारी आला, त्याच्या हातात वाढायचा डाव होता. छत्रीतून उडी मारणारा आला. त्याची छत्री माझ्या लग्नातल्या रेशमी झंपराची. बर्फातला शिपाई आला. रेवणसिद्धनं उभ्या जन्मात बर्फ पाहिला तो सरबताच्या गाडीवर, पण त्या शिपायाचा कापूस भरलेला कोट बघून गुरम्मांनाही थंडी वाजली. खेचर घेऊन डोंगर चढणारा मात्र फसला. खेचर त्याला जमेना.

लोक हसत. मुली सांगून येत, तेव्हा पाहुणे विचारत, मुलगा काय करतो? गुरम्मा घाईनं सांगत, दुकानात असतो. एका पाहुण्यानं गुदामात डोकावलं आणि परत येऊन विचारलं, "बाहुल्या कोण खेळतंय घरात?" ते स्थळ गेलं. पुढची रेवणसिद्धनंच येऊ दिली नाहीत.

बसवंतरावांचा नांदेडला प्लास्टिकचा कारखाना होता. कंगवे, साबणाच्या डब्या, शिट्ट्या. आमच्याच समाजातले, बोलायला मोकळे. लढाई नुकतीच जिंकलेली, जत्रेत पोरं शिपाईच मागत होती. बहात्तरच्या उन्हाळ्यात भांड्यांच्या निमित्तानं ते दुकानात आले आणि रेवणसिद्धनं चित्रं पुढं केली. त्यांनी एकेक कॅलेंडर उलटं धरून पाहिलं. खेचराशी थांबले.

"हे खेचर न्हाई हो. देवणीचा वळू हाय ह्यो. नुसती शिंगं कापल्यात."

दुकानातले सगळे हसले. रेवणसिद्धही हसला. मग बसवंतराव म्हणाले, "पर माणसं झकास हायत. एक करा. पायदळाचा. पटला तर साचा काढू."

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. उलट लोकच घरची पितळी भांडी मोडीत घालायला आणू लागले. रस्त्यांच्या कामांवर खडी फोडायला बायका जाऊ लागल्या. या सगळ्यात रेवणसिद्ध गुदामात बसून पायदळाचा शिपाई करत होता, आणि माझे यजमान त्याच्या पाठीकडं बघून म्हणत, "जग मरून राहिलंय अन् ह्याची भरती चालू." तो मान वर करत नसे. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी शिपाई घेऊन नांदेडला या, असं बसवंतरावांचं पत्र आलं होतं. शिपाई तयार झाला होता.

खंडेनवमीला घरातली शस्त्रं आणि हत्यारं पुजायची. आमच्याकडं पूजेत मांडलेली वस्तू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपटा वाटून होईपर्यंत कुणी हलवत नाही. रेवणसिद्धनं पटाशी, कानस, करवत, हातोडी आणून दिली. ती मांडून झाल्यावर गुरम्मा स्वतः गुदामात गेल्या आणि शिपाई घेऊन आल्या.

"अव्वा, त्येला कशाला?" रेवणसिद्ध म्हणाला.

"बंदूक हाय न्हवं त्येच्याकडं? मग शस्त्रच की. अन् तुझं नशीब हाय त्येच्यात. बसू दे देवापुढं."

त्यांनी कौतुकानंच केलं. शिपायाच्या कपाळाला विभूती लावली, बंदुकीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं एक फूल त्याच्या मांडीवर ठेवलं. घरात त्याच्या कामाचं कुणी इतकं कौतुक त्याआधी केलं नव्हतं. रेवणसिद्ध उंबऱ्यात उभा राहून बघत होता. तो सुखावला होता.

जेवणं उरकत होती तेव्हा दाराशी जीप थांबली. बसवंतराव दसऱ्यासाठी मुरुडला बहिणीकडं निघाले होते. उंबऱ्यातूनच म्हणाले, "साचेवाला उद्याच नांदेडला येऊन राहिलाय. परवा पहिल्या गाडीनं मुंबईला परत. मी शिपाई घेऊन जातो, बहिणीच्या घरून पहाटेच निघतो. कुठं हाय?"

आम्ही सगळ्यांनी देवघराकडं पाहिलं.

बसवंतरावांनी पायताणं काढली, हात जोडले आणि देवघराच्या उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले. समईच्या उजेडात शिपाई मांडी घालून बसलेला. हात लावता येत नव्हता म्हणून ते मान इकडं-तिकडं वाकवून बघत होते.

"बसतो छान. उभा ऱ्हातो?"

"ऱ्हातो."

"सलाम ठोकतो?"

मांडी जमवण्यात रेवणसिद्धचं सगळं लक्ष गेलं होतं. हात खांद्यापर्यंत येई, कपाळापर्यंत जात नसे. काखेत थोडं कानशीनं घासलं की झालं असतं.

"आत्ता करून देतो," तो म्हणाला. "अर्धा घंटा बसा."

"बेडा," गुरम्मा म्हणाल्या. नको म्हणायचं झालं की त्या कानडीत जात. "आज हात लावायचा न्हाई. कानस बी पुजलीय, त्यो बी पुजलाय. नवमीला शस्त्र घराबाहेर देत्यात व्हय कुणी?"

"अव्वा, साचेवाला परवा जातोय."

"देवापेक्षा मोठा हाय व्हय साचेवाला?"

बसवंतराव उठले. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, कुणीतरी भांडलं असतं. "अव्वाचं खरं हाय," ते म्हणाले. "आमचं मशीन बी आज पुजून बंदच हाय. मी तरी कुठल्या तोंडानं म्हणू."

रेवणसिद्धनं भावाकडं पाहिलं. गुरुबसप्पांनी "घे उचलून" एवढं म्हटलं असतं तर गुरम्मांनी तोंड फिरवलं असतं, पण अडवलं नसतं. थोरल्याचा शब्द. माझे यजमान पान लावत होते. चुना लावून झाल्यावर म्हणाले, "अव्वा म्हनते ते बरोबर हाय. आजच्या दिवशी नको." बसवंतरावांनी चहा घेतला, दिवाळीनंतर या म्हणाले, आणि जीप गेली.

हे मी विसरले असते. घराघरात असं होतं. पण उन्हं कलली तेव्हा औशाकडचे एक गृहस्थ लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला दुकानात आले. त्या दुष्काळात पितळेची पाच भांडी घेणारं गिऱ्हाईक. पितळ वजनावर विकलं जातं आणि तराजू देवघरात होता. यजमान आत आले. त्यांनी गुरम्मांकडं पाहिलं. गुरम्मा वाती वळत होत्या. वाती वळता वळताच म्हणाल्या, "तराजूचं वेगळं हाय. दारात आलेल्या लक्ष्मीला कोण परत लावतंय?" यजमानांनी तराजूवरची फुलं काढून शिपायाच्या पायाशी ठेवली, नमस्कार केला आणि तराजू उचलला.

रेवणसिद्ध तिथंच, खांबाला टेकून बसला होता. मी त्याला पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही. शिपायाशेजारी कानस होती. त्यालाही ती उचलता आली असती. त्यानं उचलली नाही. आईनं नको म्हटलेलं त्यानं मोडलं नाही, आणि आईनंच मोडलेलं तो नुसतं बघत राहिला. अशी माणसं असतात, आणि घरं त्यांच्यावरच चालतात.

आपटा वाटून झाल्याबरोबर त्यानं काख घासली. हात कपाळाला लागला. दिवाळी होताच तो नांदेडला गेला. बसवंतरावांनी शिपायाकडून दोन-चार वेळा सलाम ठोकून घेतला, वा वा केलं, आणि त्याला कारखान्यात नेऊन नवा साचा दाखवला. घागरीचा. "पाण्याला रांगा लागल्यात. बाया मैलोगणती चालून राहिल्यात. तांब्याची घागर जड होती, ही हलकी. मशीन दिसरात चालतंय. तुमचा बी निघंल की. पाऊस पडू द्या."

पाऊस पुढल्या वर्षी पडला. घागरी मात्र चालूच राहिल्या. मग बादल्या, मग टोपल्या. रेवणसिद्ध दर दिवाळीनंतर नांदेडला जाई आणि दर वेळी बसवंतराव म्हणत, अवंदा बघू. दुष्काळी कामांवर नवे रस्ते झाले, त्यांच्या दगडांवर गावांची नावं रंगवायचं काम त्यानं काही महिने केलं. परत येऊन पुन्हा गल्ल्यावर. भावाशी त्यानं अबोला धरला नाही. जेवायला शेजारी बसे, भाजी वाढा म्हणे. मला वाटतं, अबोल्यापेक्षा ते वाईट होतं. गुदामात मात्र पलटण वाढत होती.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. मिरवणुका निघाल्या, पेढे वाटले, आणि दुसऱ्याच आठवड्यात साहेब लोक जागा शोधत गल्लीबोळांतून फिरू लागले. कचेऱ्या आल्या, पण त्यांना इमारती नव्हत्या. ज्याच्याकडं चार भिंती आणि पत्रा, तो एकदम मालदार. लोकांनी गोठे रिकामे करून चुना मारला.

त्याच सुमारास बसवंतराव आले. केस पांढरे झालेले. रेवणसिद्धला म्हणाले, "मी मोठं मशीन घेतलंय. जुनं हातानं दाबायचं पडून हाय. ते तुम्हाला देतो. साचा बी काढून देतो. माल तुम्ही हितं काढा, मी विकतो. फकस्त जागा पायजे. हाय न्हवं ते गुदाम?"

मी त्याला इतका आनंदलेला कधी पाहिला नव्हता. बेचाळिशीचा माणूस, पण स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकून मला सांगत होता, मशीन कुठं ठेवायचं, माल कुठं रचायचा. "वैनी, आधी पायदळ. मग आचारी. लोक म्हणतील आचारी कशाला? पर पलटण जेवणार न्हाई का?"

रात्रीच्या जेवणाला त्यानं विषय काढला. "अण्णा, मागचं गुदाम मला लागंल."

यजमान भाकरी मोडत होते. "ते दिलं."

"कुणाला?"

"सरकारला. कागदं ठेवायला. परवा साहेब बघून गेले."

"माझं सामान हाय तिथं."

"सामान म्हंजे लाकडं. ती हलवायची." मग जरा मऊ आवाजात, "अरे, सरकार रोज येतंय व्हय दारात?"

"मशीन बी रोज येत न्हाई, अण्णा."

गुरम्मांना तोवर कमी दिसू लागलं होतं. त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "तुझं शिपाई काय रे, कुठं बी ऱ्हातील." मी म्हटलं, माडीवर जागा आहे. यजमानांनी माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाले, "माडीवर मशीन चढवून घर पाडायचं हाय का?" तेही खरं होतं. त्या घरात सगळ्यांचं सगळंच खरं असे.

बसवंतरावांनी ते मशीन उदगीरला कुणालातरी दिलं. तिथं बांगड्यांच्या पेट्या निघू लागल्या.

गुदाम रिकामं करायचं तो रविवार होता, २१ नोव्हेंबर १९८२. थंडी पडली होती. मी उठले तेव्हा रेवणसिद्ध मागच्या अंगणात पाट घेऊन बसला होता. समोर सगळी पलटण मांडलेली. एकेकाच्या पाठीत सुरी घालून तो रबर कापी. हात गळून पडे, पाय गळून पडे, डोकं बाजूला ठेवी. घाई नव्हती, रागही नव्हता. वांगी चिरावीत तसं.

"भावजी, माझी ट्रंक आहे," मी म्हटलं. "साड्या काढते. सगळे मावतील."

"ट्रंकेत कशाला? त्येंची भरती झाली ती मैदानासाठी, वैनी. पेटीत बसवून काय करायचं?"

"पोरांना तरी द्या."

"कुण्या पोरांना? फुकट दिलं तर बाहुली होती. इकत घेतलं असतं तर शिपाई झाला असता."

मी पायदळाचा शिपाई उचलला, ज्याचा हात कपाळाला लागत होता. त्यानं तो माझ्या हातातून घेतला. ओढून घेतला नाही. हात पुढं केला आणि मी दिला. मग चित्रं मागितली म्हणून मीच माडीवरून कॅलेंडरं आणून दिली. त्यानं बंबाच्या नळकांड्यात आधी कॅलेंडरं घातली, वर शिपाई. शिसवी लाकूड सावकाश पेटतं, पण पेटलं की खूप वेळ जळतं. रबर त्यानं वेगळं ठेवलं होतं, धुराला वास येऊ नये म्हणून.

पहिली आंघोळ नेहमीप्रमाणं यजमानांची. बाहेर येऊन अंग पुसत म्हणाले, "आज पाणी मस्त तापलंय." रेवणसिद्ध म्हणाला, "हाव, अण्णा." मग तो आंघोळ न करताच दुकान उघडायला गेला, आणि पुढं कित्येक वर्षं रोज जात राहिला. दुपारी सरकारी माणसांनी गठ्ठे आणून टाकले.

त्या संध्याकाळी मी डायरीत लिहिलं: गुदाम सरकारकडे गेलं. बंबातली राख गार झाल्यावर चाळून भांडी घासायच्या डब्यात भरली.